एक सूत

आधी पिन काढते, आणि वायर टेबलावर ठेवते,
डोळ्यांसमोर.
बाबांनी एवढंच सक्तीनं शिकवलं, बाकी बघून शीक म्हणाले.

मग रॉकेलच्या चिंधीने पुसते
रात्रीत आलेला तांबूस थर.
निवतीच्या बंदरापासून हे बिडाचं टेबल चारशे पावलांवर,
आणि गंजाला तेवढं चालायला एक रात्र पुरते.

पात्याच्या एका दाताला खडूची खूण.
तो दात पुढे आणून खाचेपासून मोजायचं,
हाताने फिरवून मागे न्यायचा,
तोच दात, आणि पुन्हा मोजायचं.
मध्येच दुसरा धरला तर माप खोटं बोलतं
आणि आपण टेबलाला शिव्या देतो.

आता फेन्स.
दारावरून जाणारे हसतात, कुंपण गो तुझं,
कुंपणच शेत खातं म्हणतात, हे काय खातं?
बोटं, मी म्हणते, आणि ते पुढे जातात.

पुढे चार इंच दोन सूत.
मागे चार इंच, दोन सूत, आणि काहीतरी.
त्या काहीतरीसाठी सकाळपासून उभी आहे.
नट अर्धा ढिला, लाकडी हातोडीची एक टिचकी,
मोजलं, बरोबर, आवळला,
आवळताना परत सरकली.
चहा गार.
पुन्हा ढिला.

मागे जरा मोकळीच हवी, कागदाएवढी.
मी दिनदर्शिकेचं एक पान ठेवलंय, श्रावणाचं,
त्यावर आईने लिहिलेला दुधाचा हिशेब.
ते पान सरकलं, पण अडत अडत सरकलं, की झालं.
नाहीतर लाकूड मागच्या बाजूला चिमटतं,
पात्यावर चढतं आणि उलटं येतं,
काय झालं ते कळायच्या आत.
मी उभी राहते तिथे, पाठच्या चिऱ्याच्या भिंतीत
तीन खळगे आहेत. पहिले दोन बाबांचे,
तिसरा माझा, चतुर्थीच्या आदल्या दिवशीचा, घाईतला.
त्यात सिमेंट भरायचं नाही असं ठरलंय.

दहाच्या सुमारास टेम्पोतून फळी उतरली,
मागोमाग धाकूकाका, छत्री काखेत.

अकरा वर्षं आमच्यात गडगा आहे
आणि गडग्यावर फणस होता.
कोणाचा, हे वेंगुर्ल्याच्या कोर्टाला ठरवता आलं नाही.
फळं दोन्हीकडे पडत, वास दोन्हीकडे जाई.
परवाच्या वैशाखात तो आपणच आडवा झाला,
थोडा त्यांच्या परड्यात, थोडा आमच्या.

काका माझ्याकडे न बघता फळीशी बोलले,
‘मदी चीर. अर्धी तुजी, अर्धी माजी.’

अकरा इंच रुंद. पिवळीधमक, सुकून खणखणीत.
मी टेप लावली.
पातं स्वतः एक सूत खातं.
ते ना त्यांचं, ना आमचं, ते खाली भुसा होऊन पडतं,
पण पडायच्या आधी कोणाच्या तरी वाट्यातून जातं.
मी काही बोलले नाही. त्यांचेही वडील सुतारच,
म्हणजे माझे आजोबा.
त्यांना कळलंच.
‘पात्याक जाता ता,’ म्हणाले, ‘माज्यातला धर.’

म्हणजे माझी साडेपाच, त्यांची एक सूत कमी.
मी फेन्स साडेपाचावर नेली, जरा थांबले,
टिचकी मारली, पाच इंच साडेतीन सूत,
नट आवळला.
आवळताना सरकली, नेहमीसारखी.
पुढून आणि मागून सारखीच सरकली, पान घालून पाहिलं.
कुणाच्या बाजूला, ते मोजलं नाही.

पिन लावली.
‘काका, पाठीमागे नको, बाजूला उभे राहा.’
अकरा वर्षांतलं माझं हे पहिलं वाक्य,
आणि तेही मशीनच्या आवाजात अर्धं गेलं.
त्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं,
खालच्या खळग्यात अंगठा घालून पाहिला,
आणि सरकले,
माझ्या बाजूला.