दीड बोट

उंड्रीच्या सोसायट्यांनी वर्गणी काढून
स्पीडब्रेकर बांधलेत, म्हशीच्या पाठीएवढे.
प्रत्येकावर गाडीचं नाक घासायचं
आणि मागं कुंड्यांतल्या जास्वंदी
एकमेकींवर कलायच्या.

मंतरवाडीत मुजावरांचं गॅरेज.
त्यांनी बोनेट उघडलंसुद्धा नाही.
गाडी सपाट फरशीवर घ्यायला लावली,
चारी चाकांत हवा मोजून भरली,
मग टेप लावली
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत.
आधी डावीकडं. मग उजवीकडं.
मग परत उजवीकडं.
"ही बाजू दीड बोट खाली आहे, ताई.
चालवायचं कोण?"

हिरामण.
"वजन?"
मी दोन्ही हात पसरून दाखवलं.
ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.

अकरा वर्षं. तो स्टिअरिंगवर,
मी डावीकडं, मांडीवर बिलबुक.
मांजरीहून रोपं, उरुळीहून माती,
आणि नाक घासलं की
डॅशबोर्डवर तळहात ठेवून विचारायचा,
"लागलं का गं?"
मला नव्हे. गाडीला.

मग डिझेलचा हिशेब.
बेचाळीसशे रुपये.
रोपवाटिकेतल्या बायकांसमोर माझा आवाज चढला.
त्यानं किल्ली कोकोपीटच्या पोत्यावर ठेवली
आणि चपला झटकून निघून गेला.
पावती नंतर सापडली, बिलबुकाच्या पुठ्ठ्यात,
मीच ठेवलेली.
आता चाकणला फोर्कलिफ्ट चालवतो म्हणे.
तिथं सगळी जमीन सपाट असते.

जॅक लागला. पुढची चाकं अधांतरी लोंबली,
ओट्यावर बसलेल्या पोराच्या पायांसारखी.
मुजावर गाडीखाली सरकले, नुसते बूट बाहेर.
"टॉर्शन बार म्हणजे काय, पिळलेली सळई.
कपडा पिळतो ना आपण, तसा पीळ.
त्या पिळावर गाडी उभी असते.
वर्षं गेली की पीळ सैल पडतो."
डाव्या बोल्टला चार फेरे.
उजव्याला सहा, आणि वर अर्धा.
गंजलेला बोल्ट कुरकुरला, मग बोलायचा थांबला.

मी म्हटलं, अजून थोडी वर घ्या की.
खालून आवाज आला,
"उंची वाढते, ताई, ताकद नाही वाढत.
लोखंड तेच. जास्त पिळलं तर
खड्ड्यात दणका थेट तुमच्या मणक्याला."

गाडी खाली आली. हेल्परनं पुढं-मागं ढकलली,
अंगात आलेलं अवघडलेपण जावं म्हणून.
मुजावर टेप घेऊन उभे.
"आता तुम्ही आत बसा."
मी डावीकडचं दार उघडलं.
"तिकडं नाही. चालवणार कोण?
गाडीला तुमचं वजन कळू दे."

सीटमध्ये हिरामणचा खड्डा तसाच होता.
मी त्यात उशी घातली, उशीवर बसले,
पन्नास किलो, चपलांसकट.
श्वास का रोखला होता कोण जाणे.
बाहेर मापं झाली, पुन्हा एक फेरा,
पुन्हा टेप.
"झालं. अलाइनमेंट मात्र करून घ्या,
नाहीतर टायर आतून खाईल."

रात्री शेवटची डिलिव्हरी, सहा अडेनियम.
पहिला स्पीडब्रेकर आला.
मी दात आवळून धरले.
काही घासलं नाही. काहीच नाही.
तरी हात डॅशबोर्डवर गेला होता.

वळणावर हेडलाईट सरळ दुसऱ्या मजल्यावर.
गॅलरीत बनियनवरचे एक काका
डोळ्यांवर हात धरून ओरडले.
मुजावरांना फोन लावला.
"अरे हो. नाक वर केलं,
नजर खाली करायची राहिली.
उद्या या, स्क्रू फिरवून देतो."

मग घरापर्यंत
गुलमोहरांचे शेंडे उजळत आले,
एक घरटं, तारेत अडकलेला पतंग,
कुणाच्या तरी गच्चीतली माझीच विकलेली बोगनवेल.
रस्ता तेवढा आठवणीनं.