भिंतीवरच्या रेघा

गॅलिशियात, मालपिकाच्या धक्क्यावर
चाळीस वर्षं जाळी सांधली दोसिंदानं.
खांदा मात्र उसवला तो उसवलाच.

फिजिओ इरिया म्हणते, बोटं चालवा भिंतीवर,
खेकडा चढतो तशी.
दुखलं की थांबा. सोडून देऊ नका.

स्वयंपाकघरात, नातवाच्या उंचीच्या रेघांशेजारी
ती रोज पेन्सिलीनं आपली रेघ ओढते.
मार्चभर एकाच जागी, गिरवून गिरवून काळी.
मग बोटभर वर.

परवा केस स्वतः विंचरले, मागून.
कुणाला सांगितलं नाही.

आता धक्क्यावर तासातासाला
सुई खाली ठेवून उठते;
पोरींनाही उठवते, शिव्या घालून:
"जाळं फाटायच्या आधी बघायचं असतं, गं!"

नातू विचारतो, आजी, तू अजून वाढतेस?
हो, म्हणते. थोडी.