डावा काठ

सारायेव्होच्या संग्रहालयात, तळघरातल्या तिसऱ्या कपाटात
एक कुपी आहे, करंगळीएवढी.
आत एक नर, अल्कोहोलात पिवळा पडलेला,
आणि पेन्सिलीची चिठ्ठी. (शाई विरघळते, शिसं टिकतं.)
९ जून १९५८. स्तुदेन्का ओढा.
पाणचक्कीच्या वर. डावा काठ.

बस्स. एवढ्यावर एका जातीचं सगळं घरदार.

दगडमाशी म्हणतात हिला.
दोन वर्षं गार पाण्यात, दगडाच्या पोटाला चिकटून,
मग पंख फुटले की जेमतेम पंधरवडा,
त्यातही उडणं कमी, चालणंच जास्त.
मादीवरून जात सांगता येत नाही.
पिल्लावरून ओळखायला जावं
तर पुस्तिकेच्या चौदाव्या कलमाशी पाय अडतो :
कल्ल्यांचे झुबके मानेखाली असल्यास पंधरावर जा,
नसल्यास बावीसवर.
तीन उन्हाळे मी बावीसवरच जातेय
आणि तिथं भेटते ती दुसरीच कुणी.

नकाशावर माझे अकरा ठिपके.
दुरून पाहिलं तर कळतं, ते ओढ्यांवर नाहीत,
रस्त्यावर आहेत.
जिथं जिथं माझी खटारा गाडी थांबू शकली, तिथं तिथं.
तिचा म्हणून जो मुलूख मी दाखवते
तो बराचसा माझ्या गुडघ्यांचा.

झुल्फोला विचारलं, पाणचक्की कुठं होती?
मेंढ्या मोजता मोजता म्हणाला, कुठली?
जळालेली, की जाळलेली?
मग काठीनं दाखवलं, ओढ्यापलीकडं,
जिथं बीचची झाडं माजलीत
कारण तीस वर्षांत कुणी सरपण तोडलं नाही.
खोडाखोडावर लाल पाटी, कवटी,
आणि दोन लिप्यांत एकच शब्द : सुरुंग.
डावा काठ.

तुझी माशी असेल की तिथं, तो म्हणाला.
पोरं होतो तेव्हा गळाला लावायचो, ट्राउट तुटून पडायचे.
आम्ही तिला म्हणायचो...
आणि थांबला. शब्द येईना.
भावाला ठाऊक होता, म्हणाला.
मी पुढं काही विचारलं नाही.

जिथं शोधलं नाही तिथं "नाही" लिहू नये,
हे मीच शिकवते, पहिल्याच तासाला.
म्हणून तिथं पांढरं सोडलंय.
पण पांढऱ्याचे अर्थ दोन,
आणि छापल्यावर दिसतो एकच.

पलीकडचा झरा जिथं ओढ्याला मिळतो
तिथं मी अलीकडं बसले, पिवळ्या फितीला पाठ लावून, जाळी धरून.
पाण्याला फीत कळत नाही, असं काहीसं वहीत लिहायचा मोह झाला.
नाही लिहिलं. पाणी सहा अंश, एवढंच लिहिलं,
तेही वाकडं, कारण बोटं गेली होती.

अडीचला एक कात आली वाहत.
पाठीवर उभी चीर. मिशा शाबूत. आत कुणी नाही.
भिंगाखाली उलटी केली :
मानेखाली झुबके.
पंधरावर गेले. पंधरावं कलम म्हणतं,
खात्रीसाठी प्रौढ नर पाहावा.
मी एकटीच हसले. मेंढ्यांनी वर पाहिलं.

बारावं वर्तुळ काढलं. आत रंग भरला नाही.

रात्री झुल्फोच्या ओसरीवर त्याला सांगितलं,
यांचा नर पोटानं फांदीवर ठोके देतो मादीसाठी.
दर जातीचा ठेका निराळा, तीही त्याच हिशेबानं उत्तर देते.
त्यानं तंबाखूच्या डबीवर बोट आपटलं,
चार, मग थांबून एक.
असा, नेवझेता?
माहीत नाही, मी म्हटलं. हिचा अजून कुणी ऐकलेला नाही.
तो अंधाराकडं कान करून बसला.
बऱ्याच वेळानं बोकडाची घंटा वाजली.
त्यानं मान हलवली :
ही नव्हे.