शिरका

कायाओच्या बंदरात मला सगळे ओळखतात,
मासळीच्या गाड्यावरचा एलेउतेरिओ म्हणून.
म्हणून दोन बस बदलून
लिमाच्या पार पलीकडच्या टोकाला गेलो,
जिथलं धुकंसुद्धा ओळख दाखवणार नाही.

खिशात चिठ्ठी. तिच्यावर चार नावं,
खानावळीच्या फळ्यावर असावीत तशी:
सिफिलिस, जुना, बरा झालेला, रक्तात फक्त सही उरलेली.
गनोरिया, कुल्ल्यात एक सुई, विषय संपला.
क्लॅमिडिया, सात दिवस, रोज दोन गोळ्या, जेवणानंतर.
आणि चौथा एचपीव्ही, सोळा नंबरचा,
ज्याच्यापुढे औषधाची जागा कोरी.

हे पाहुणे एकटे येत नाहीत, एवढं मला ठाऊक होतं.
पण हा कधी आला, कुणाचं बोट धरून आला,
रोसेंदोचं, की त्याच्याही आधी
गोदीमागच्या त्या हॉटेलात,
जिथल्या चादरींना डिझेलचा वास यायचा?
दहा वर्षंही झाली असतील, नर्स म्हणाली होती.
दहा वर्षं बसून होता,
न खाजता, न दुखता, न भाडं देता.

पडदा सरकला.
अवघड जागेचं दुखणं म्हणतात ना,
डॉक्टर निघाली माझ्या बहिणीची सून.
नायदा.
मागच्या रविवारी जिला मी आग्रहानं
माशाचा दुसरा तुकडा वाढला होता, ती.
मी पट्ट्याच्या बकलावर हात ठेवून उभा.
तिनं फाइलीवरचं नाव वाचलं, परत वाचलं.
"दुसऱ्या डॉक्टर गुरुवारी असतात. थांबता?"
गुरुवार माझा बाजाराचा.
मी कुशीवर वळलो, गुडघे वर घेतले,
आणि कॅलेंडरावरच्या लामाच्या डोळ्यांत
डोळे घालून पडून राहिलो.

मग तो वास आला.
शिरक्याचा.
तीस वर्षं माझ्या बोटांना येतो, शर्टाला, उशीला.
रोसेंदो म्हणतो, तुझा मुका म्हणजे लोणच्याची फोड.
"मासा तळायचा, वर कांदा, पिवळी मिरची, शिरका,
रात्रभर मुरू द्यायचा,"
मी सांगत सुटलो. काहीतरी बोलायला हवं होतं.
"किती टक्के?"
"काय?"
"शिरका. आमचा पाच."
"माझाही."

तो लागला की बिघडलेल्या पेशी पांढऱ्या पडतात, म्हणाली.
पडद्यावर दिसलं माझ्याच आतलं
मी जन्मात न पाहिलेलं गाव,
ओलं, गुलाबी,
आणि एका वळणावर चुन्याचं बोट पुसल्यासारखं काही.
लिंबाच्या रसात कच्चा मासा पांढरा पडतो
तेव्हा आम्ही म्हणतो, शिजला. काढा ताटात.
"इथे उलटं," ती म्हणाली.
"इथे पांढरं म्हणजे अजून कच्चं आहे. अजून वेळ आहे."

चिमटा. तांदळाएवढा तुकडा, बाटलीत.
"निकाल बघू, मग लागलं तर जाळून टाकू.
आणि पुढच्या वेळी त्यांनाही आणा."
त्यांनाही.
बावीस वर्षांत आमच्या घरी रोसेंदोला
कुणी अहो-जाहो केलं नव्हतं.
तो मित्र. तो क्रेनवाला.
बहुतेक वेळा नुसताच, तो.
मी मोजे चढवत होतो. डावा पायच सापडेना.

रविवारी बहिणीकडे पंगत.
नायदानं वाडगा ओढून घेतला,
कांदे बाजूला न सारता खाल्ले.
"आज शिरका जास्त झालाय," बहीण म्हणाली.
"नाही," नायदा न बघताच बोलली, "बरोबर आहे."

तुकड्याचा निकाल अजून यायचा होता.
मी उठून फडताळातून डबा काढला,
तीन तुकडे भरले, वर कांदा, वर रस.
"कुणासाठी?" बहिणीनं विचारलं.
गोदीवरची पाळी सुटायला अर्धा तास होता.
मी झाकण घट्ट लावत होतो,
आणि ते बसेपर्यंत
टेबलावर कुणीच दुसरा विषय काढला नाही.