मध्यम पल्ला

मिस्टर टेबट यांची नखं शिंगासारखी जाड.
कोमट पाण्यात पाय भिजत ठेवावे लागतात,
पंधरा मिनिटं.
"तेवढीच लागायची," ते म्हणतात.
आडवा झोपलेला थॉर उभा करायचा,
पोटात रॉकेल, द्रवरूप प्राणवायू,
एक किल्ली आपल्या साहेबाची, एक अमेरिकन साहेबाची,
आणि मग मॉस्को.
"म्हणजे, गेला असता तर."

डाव्या पायाला करंगळी नाही.
बासष्टचा ऑक्टोबर, नळी गळली,
ती थंडी बुटात शिरली.
त्या आठवड्यात तळावरून कुणालाच सुट्टी नव्हती.
रॉथवेलची मोरीन दोन तिकिटं काढून
थिएटरच्या दारात थांबलेली.
निरोप धाडायचीही बंदी.
तिने पुढे बुटांच्या कारखान्यातल्या मुकादमाशी लग्न केलं.
"आणि बूटही," ते हसतात, "त्याच कारखान्याचा."

हॅरिंग्टनच्या शेतात ते तीन चौथरे अजून आहेत.
केटरिंगहून मी मुद्दाम जाऊन पाहिले.
भोवती पिवळंधमक पीक,
काँक्रीटच्या भिंतीआड मेंढ्या वारा चुकवत बसलेल्या.
एकीने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा रवंथ.

नावं मात्र सगळ्यांनी वरचीच शोधली.
इथे अमेरिकेकडून उसना आणलेला
गडगडाटाचा जुना देव.
चीनने पूर्वेचा वारा घेतला, इराणने उल्का,
शेजाऱ्यांनी घोरी,
आम्ही अग्नी,
ज्याच्या साक्षीने मी सात पावलं चालले होते
नवीन जोडवी टोचत असताना.

"तुमचं गाव कुठलं?"
उदगीर, मी म्हणते.
ते नकाशाचं पुस्तक मागतात, वीत टाकून मोजतात,
एक वीत, दुसरी, मग चार बोटं.
चेहरा उजळतो.
"साडेचार हजार मैल! आमचा पल्ला दीड हजारच.
तुम्ही आमच्या तावडीत कधीच नव्हता."
इतक्या मनापासून मला कुणी
जीवदान दिलं नव्हतं.

उदगीरला जवळचे नेम पुरतात,
आणि उदगीरच्याही बाजूने कुणाकुणावर धरलेले आहेत,
हे मी सांगत नाही.
बेचक्या कोरड्या करते.
एक कमी.

पुढची खेप सहा आठवड्यांनी.
ते कॅलेंडरवर तारीख लिहितात
पेन्सिलीने.
पेन शेजारीच असतं, चालू, टोपण काढलेलं.