मुनेव्वरचे हात

एस्किशेहिरचा फेब्रुवारी. पोर्सुकच्या पाण्यावर बर्फाची साय.
चौथ्या मजल्यावर निलहान एक मालिका कापत बसलीय.
एकशे बारा भाग, एकेक सव्वादोन तासांचा,
आणि तिला हवीय त्यातली एकच बाई:
मुनेव्वर, हवेलीतली स्वयंपाकीण.
नायिका रडते तेव्हा मागे, धूसर,
कुणीतरी पेले उचलत असतं ना,
ती.

रुचहान होजा म्हणाले होते,
कागदावर लिहिलंस तर तू तिच्याविषयी बोलशील.
कापून बघ. कदाचित तीच काही सांगेल.
निलहानला हे तेव्हा जरा नाटकी वाटलं होतं.

आधी तिने दारं गोळा केली.
दोनशे सहा वेळा मुनेव्वर दारात,
एकदाही दार स्वतःसाठी उघडलेलं नाही.
मग खुर्च्या. एवढ्या वर्षांत ती दोनदा बसते,
एकदा मालक गेल्यावर, एकदा मटार सोलताना.
मग चहा.
ओतणारे सगळे हात एकापुढे एक लावले,
नऊ मिनिटं धार, पेला, धार, पेला.
जेरेन पलंगावरून म्हणाली,
बंद कर बाई, मला लघवीला लागलीय.

आवाजही रेकॉर्ड करून झाला होता,
“मुनेव्वर हा या घराचा मुका कणा आहे.”
ऐकताना तिला शाळेतलं धड्याखालचं
थोडक्यात उत्तर आठवलं.

ओळीने लावले म्हणून दिसलं.
बशी वाजते. अगदी बारीक,
सुरुवातीच्या भागांत न वाजणारी बशी.
निलहान उठून बसली. सापडलं!
चौसष्टाव्या भागात मुनेव्वर मुलाचं पत्र चुलीत घालते,
तिथून अपराध हातात उतरलाय.
तिने वाक्य लिहिलंसुद्धा, चांगलं होतं.
मग खात्रीसाठी मागे गेली.

बशी अठ्ठावन्नपासून वाजतेय.
पत्र अजून आलेलंही नाही.
लग्नातही वाजते, विनोदी प्रसंगातही,
जिथे मुनेव्वरला कशाचंच दुःख नाही.
ऐंशीच्या पुढे पेल्याऐवजी तबक येतं.
नव्वदनंतर हात ॲप्रनखाली.
मग कॅमेरा कोपरापाशी थांबायला शिकतो,
आणि एकशे चारमध्ये चहा ओततात
कुणा तरुण मुलीची नखं.

तिजेन हानिम गेल्या हिवाळ्यात गेल्या.
बातमी चार ओळींची,
त्यात मालिकेचं नाव होतं, आजाराचं नव्हतं.

आपल्या बोलीत पात्र नाटकात असतं
आणि नदीलाही असतं.
पाणी ओसरलं की तळाचे दगड दिसतात,
ते कुणी लिहिलेले नसतात.

खिडकीखालून ट्राम गेली. रात्रीचे दोन.
चांगलं वाक्य तिने पुसलं.
मग कणा पुसला.
मग सगळाच आवाज काढून टाकला,
नुसती बशी ठेवली,
आणि ती तेवढी मोठी करावी की नाही
यावर पहाट झाली.
नाही केली.

होजांनी विचारलं, इथे तू काहीच का बोलत नाहीस?
ती म्हणाली, त्या काम करत होत्या.

एक राहिलं.
अठ्ठावन्नाव्या भागात, पेला पुढे येतो तेव्हा,
नायिका संवाद चुकवून, मान न हलवता,
बशीला खालून स्वतःचा हात लावते.
पटकथेत असं काही असणं शक्य नाही,
मालकीण स्वयंपाकिणीच्या बशीला हात लावत नाही.
अकरा फ्रेम्स. अर्धा सेकंदही नाही.
पहिल्या खेपेला निलहानने त्या
जादा म्हणून कापल्या होत्या.
कचऱ्याच्या फोल्डरमधून शोधून
तिने त्या परत जागेवर लावल्या.
जोड थोडा खटकतो.
खटकू दे म्हणाली.