उणे आठ

मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात
मी लाद्यांचा हिशेब लिहितो :
कुठल्या होडीने किती उचलल्या, किती उधार.
त्याच वहीत, मागच्या पानापासून उलटा,
सहा वर्षं दुसरा एक हिशेब चालतो.
तो शेवंतीचा.

इद्रिस होडेकर आमचा अमोनियावाला.
त्याची शमा विनिपेगला दिली.
जाताना तिने ओल्या फडक्यात मुनवे नेले,
परसातल्या पिवळ्या शेवंतीचे.
पहिल्या हिवाळ्यात ते काळे पडले, उकळलेल्या चहापत्तीसारखे.
फोनवर म्हणाली, "अब्बा, ती गेली."
इद्रिसचा हात भिंतीला गेला.
मग कळलं, शेवंती.

रत्नागिरीत हिवाळा म्हणजे
पहाटे पंख्याचा एक आकडा कमी.
थंडी आणायची कुठून?
थंडी तर तो रोज बनवत होता,
दीडशे किलोच्या लाद्या पाडून विकत होता.

पहिली खेप : चाळीस कुंड्या,
शीतगृहात, सुरमईच्या क्रेटांमागे.
चाळीसच्या चाळीस मेल्या.
माती उपसताना तो म्हणाला,
"चूक माझी. एकदम ढकललं."
पुढच्या वर्षी आधी दाराशी ठेवल्या आठवडाभर,
जिथे हमालांच्या ये-जा करण्याने गार झुळूक सुटते;
मग उंबऱ्याच्या आत; मग मधल्या रांगेत;
शेवटी उणे आठ.
त्याच्यापुढे आमचं यंत्र जात नाही.
तिकडे उणे तीस.
"मधले बावीस कुठून आणू?"
मला विचारलं, जणू माझ्या वहीत कुठे शिल्लक असतील.

संकर मी पाहिला आहे.
फुलाच्या पाकळ्या तो शिवणाच्या कात्रीने छाटतो,
आत उरतात केसांएवढ्या कुक्षी.
त्यांवर सुरमादाणीच्या सळईने
दुसऱ्या झाडाचा पराग.
वर मलमलची टोपी, दोऱ्याने बांधलेली.
हमाल विचारतात, "चाचा, निकाह लागला?"
"लागला. कबूल कोण म्हणालं ते फेब्रुवारीत कळेल."

वहीत आता असं आहे :
अकरा नंबर उणे आठात जगते, पण फुलते डिसेंबरात.
तोवर तिथे सगळं गाडलेलं.
सव्वीस नंबर गणपतीतच फुलते, निर्लज्ज, भर पावसात,
थंडीचं नाव काढलं की मान टाकते.
दोघींचं जमवायला चार वर्षं गेली.
त्यातलं एक तर फुकट :
जेटीवर नवा हॅलोजन लागला
आणि अकरा नंबरला रात्रच मिळेना,
कळीसुद्धा धरली नाही.
तेव्हापासून मगरिबच्या बांगेबरोबर
तिच्यावर काळी ताडपत्री पडते,
जाळ्यांवरची, माशांच्या वासाची.

गेल्या जानेवारीत शमाचा फोटो आला.
अंगण पांढरं, कुंपणाची फक्त टोकं वर.
"अब्बा, बर्फाखालची माती एवढी गार होत नाही.
वर बर्फाचं पांघरूण असतं."
इद्रिसने फोटो मोठा केला, लहान केला.
एकतीस वर्षं बर्फ बनवणारा माणूस,
त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.
मग मला म्हणाला, "लिहून ठेव.
उणे आठ पुरेलही कदाचित."

मार्चमध्ये साठ बिया गेल्या
एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटातून.
एकवीस उगवल्या. आठ अंगणात लागल्या.
एक सप्टेंबरात फुलली, विटकरी, मधे पिवळा डोळा.
आता तिथे नोव्हेंबर आहे, इथेही.
शमा नाव काय ठेवायचं विचारते.
"मेमध्ये सांगतो," म्हणतो तो. "आधी हिवाळा काढू दे."

काल एक तांडेल भांडायला आला :
लादीत पिवळी पाकळी गोठलेली,
पापलेटावर असला कचरा चालत नाही.
मी लादी बदलून दिली.
ती जुनी दारात पडली आहे, कडा गोल होत चालल्यात,
इद्रिस येता-जाता वाकून बघतो.
बदललेली कुणाच्या खात्यात लिहायची,
पुढच्या पानावर की मागच्या,
अजून ठरलेलं नाही.